करमणुकीचा हिशेब बायकांनीच का द्यायचा?

जुनी वसाहत पुनर्विकासाला निघाली की बैठकांमध्ये एक विषय हमखास निघतो: महिला मंडळाच्या हॉलचे काय करायचे? देवळाला जागा मिळणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवलेले असते. व्यायामशाळेची जागा नव्या इमारतीत ठरलेली असते, सोसायटीच्या ऑफिसचीही ठरलेली असते. वाद पेटतो तो पन्नास-साठ वर्षांपूर्वी वसाहतीतल्या बायकांनी वर्गणी काढून उभ्या केलेल्या त्या एका खोलीवर. हा वाद दोन्ही बाजूंनी फार वाईट लढवला जातो. एक बाजू विचारते, तिथे आता होते तरी काय? भजन, भिशी आणि हळदीकुंकू. एवढ्यासाठी आजच्या भावात इतके चौरस फूट अडवून ठेवायचे का? यावर मंडळाच्या बायका घाईघाईने यादी वाचायला घेतात: आम्ही शिवणाचे वर्ग चालवले, बालवाडी चालवली, मसाले-लोणची करून गरजू बायकांच्या हाताला काम दिले, पूरग्रस्तांना कपडे आणि धान्य पाठवले. एका बाजूने उपयोग विचारायचा, दुसरीने तो सिद्ध करायचा. शेवटी हॉल जातो, किंवा ‘बहुउद्देशीय सभागृह’ होऊन बारशा-साखरपुड्यांना भाड्याने द्यायची जागा बनतो.

ही यादी वाचायला घेतली तिथेच मंडळाने अर्धी लढाई सोडून दिलेली असते, असे माझे मत आहे. शिवणवर्ग आणि बालवाड्या चांगल्याच होत्या, त्यांबद्दल मला आदर आहे. पण हॉलचे मूळ काम ते नव्हते. दुपारी दोन ते पाच या वेळात, घरच्यांच्या नजरेपलीकडे, दहा-वीस बायकांनी एकत्र जमणे, गाणे, कॅरम खेळणे, नाटक बसवणे, खळखळून हसणे आणि मनात येईल ते बोलणे, हे मूळ काम होते. ते स्वतःच सार्वजनिक हिताचे आहे. त्यासाठी जागा मागताना सोबत दुसरे कोणतेही कारण जोडावे लागू नये.

पुरुषांच्या बाबतीत हे तत्त्व आपण कधीच मान्य केलेले आहे. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरून चालत जा. समुद्रासमोर एकामागून एक जिमखाने लागतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पारशी, मुस्लिम आणि हिंदू समाजांच्या जिमखान्यांना सरकारने तिथे जागा दिल्या, त्या खेळायला आणि भेटीगाठींना. क्रिकेट खेळून झाल्यावर व्हरांड्यात चहा पीत बसणाऱ्या सभासदांना गेल्या सव्वाशे वर्षांत कुणी विचारले का, की तुम्ही इथे बसून किती किलो पापड लाटले? कोल्हापूरच्या तालमी घ्या. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, १९१२ मध्ये खासबागचे मैदान बांधून घेतले, आणि पेठापेठांतल्या तालमी आजही त्या पेठांचा अभिमान आहेत. तालमीत कुस्तीइतक्याच गप्पा होतात, सणांची आखणी होते, राजकारण शिजते. ते सगळे आपण संस्कृती म्हणून मिरवतो, आणि मिरवण्यासारखे ते आहेच. गावचा पार, चावडी, नाक्यावरची टपरी, गणेशोत्सव मंडळाचे वर्षभर उघडे असणारे कार्यालय, या पुरुषांच्या बसायच्या जागा. कोणत्या जागेचे उत्पन्न आपण मोजतो आणि कोणत्या जागेचे मोजत नाही, यातच आपला निवाडा आधी झालेला असतो.

बायकांच्या एकत्र जमण्याला महाराष्ट्रात जो विरोध झाला, तो बायका तिथे काय करतात म्हणून झाला की त्या जमतात म्हणून? १४ जानेवारी १८५२ रोजी पुण्यात सावित्रीबाई फुले यांच्या महिला सेवा मंडळाने संक्रांतीचा तिळगूळ समारंभ ठेवला. कलेक्टरच्या पत्नी मंडळाच्या अध्यक्ष होत्या, सावित्रीबाई चिटणीस. निमंत्रणात कळवले होते की कोणत्याही जातीच्या बाईशी पक्षपात होणार नाही, सगळ्यांना एकाच जाजमावर बसवले जाईल. सण नेहमीचा आणि तिळगूळही नेहमीचा. बदलले होते ते फक्त जाजम, आणि त्या काळच्या पुण्यात त्या एका जाजमाला किती मोठा अर्थ होता हे वेगळे सांगायला नको. पुढे १८८२ मध्ये पंडिता रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज काढला. तिथे जाणाऱ्या रमाबाई रानडे यांनी घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचा राग कसा सोसला, ते त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. रमाबाई तिथून काय शिकून येतात यापेक्षा त्या तिथे जातात, चारचौघींत बसतात, हेच घरात खुपत होते. बाई शाळेत गेली तर निदान शिकते असे तरी म्हणता यायचे. ती नुसती मैत्रिणींत बसली तर तिच्या बाजूने बोलायला कुणाकडे शब्द नव्हते. आजही नाहीत. म्हणून ती यादी लागते.

साधारण १९५० ते १९८० या काळातल्या शहरी महिला मंडळांत काय चालायचे, हे आता सांगणाऱ्या बायका कमी होत चालल्या आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते. माझी आई अशाच एका मंडळाची काही वर्षे चिटणीस होती. दुपारची जेवणे, भांडी आटोपून, मुले शाळेतून यायच्या आत मिळणारी फट हा मंडळाचा वेळ. सतरंजी, काही लोखंडी खुर्च्या, एक हार्मोनियम, कुलपातले कपाट आणि त्यात मासिके. किर्लोस्करांनी १९३० मध्ये सुरू केलेले ‘स्त्री’ मासिक मंडळांच्या वाचनालयांत हातोहात फिरायचे. श्रावणात मंगळागौर, म्हणजे फुगड्या, झिम्मा, पिंगा, पहाटेपर्यंत जागरण. अश्विनात भोंडला आणि खिरापत ओळखायचा खेळ, विदर्भाकडे भुलाबाई. कोजागिरी, समूहगान स्पर्धा, वक्तृत्व स्पर्धा, एखाद्या लेखिकेचे व्याख्यान. हिवाळ्यात सहल, आणि ती नवरे-मुलांना घरी ठेवून. ज्या बाईने लग्नानंतर सासर-माहेर सोडून कुठे एकटीने रात्र काढली नव्हती, ती एस.टी.च्या खास गाडीत खिडकीशी बसून मोठ्याने गाणी म्हणायची. आईच्या सहलीच्या आठवणींत प्रेक्षणीय स्थळे फारशी नसतात. तिला आठवते ते असे की त्या दोन दिवसांत तिला कुणी “जेवायला काय केलंय?” असे विचारले नाही.

आणि नाटके! मराठी रंगभूमीवर स्त्रीभूमिका पुरुषच करत असल्याचा काळ फार जुना नाही. १९३३ मध्ये नाट्यमन्वंतर या संस्थेने स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांना दिल्या तेव्हा ती नवलाई होती, आणि त्यानंतरही कितीतरी वर्षे ‘घरंदाज’ बाईने रंगमंचावर उभे राहणे पुष्कळ घरांना पटत नव्हते. मंडळाच्या स्नेहसंमेलनात मात्र सगळ्या भूमिका बायकाच करायच्या: सासरेही त्याच, खाष्ट हेडमास्तरही त्याच, मिशा चिकटवून, धोतर सावरत, आवाज जाड करून. घरातल्या पुरुषाची चाल, त्याचे खाकरणे, वर्तमानपत्रामागून बोलणे हे सगळे वीस वर्षे गुपचूप पाहिलेली बाई ते एका दुपारी शंभर बायकांसमोर करून दाखवते, आणि त्या शंभरजणी ते ओळखून हसतात. या हसण्यात जे घडत होते ते कुठल्या शिबिरात घडले असते? मी याला शिक्षण म्हणणार नाही, कारण तसे म्हटले की मीही यादीच वाचायला लागेन. तो आनंद होता, आणि तो त्या बायकांच्या मालकीचा होता.

आता विरोधी बाजूचे सर्वांत वजनदार मुद्दे. पहिला जातीचा. बहुतेक जुनी मंडळे ज्या वसाहतींत निघाली त्या एकाच जातीच्या किंवा एकाच थरातल्या होत्या. सभासदांची यादी आडनावांवरून वाचली तरी कळते. घरी भांडी घासायला येणारी बाई मंडळाचा हॉलही झाडायची, पण सतरंजीवर बसायची नाही. हळदीकुंकू हा मंडळांचा मुख्य सोहळा, आणि त्यात विधवेला स्थान नव्हते. ती असलीच तर मागे, पन्हे गाळायला. हा आरोप खरा आहे आणि तो सौम्य करायची माझी इच्छा नाही. ज्या मंडळाने शेजारच्या झोपडपट्टीतल्या बाईला कधी बोलावले नाही, त्याने १८५२ च्या त्या जाजमाचा वारसा सांगू नये.

पण यातून निष्कर्ष कोणता काढायचा? करमणूक हीच वरच्या जातींची चैन आहे, असा काढला जातो, आणि तो मला अमान्य आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या संशोधकांनी गावोगावच्या बायकांकडून लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्या रचणाऱ्या बायकांना मोकळी दुपार माहीत नव्हती. पहाटेच्या दळणातच त्यांनी गाण्यासाठी, मन मोकळे करण्यासाठी वेळ काढला. त्यांत बाबासाहेबांवरच्याही ओव्या आहेत. जुलै १९४२ मध्ये नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित वर्गातल्या स्त्रियांची परिषद भरली. बाबासाहेबांच्या भाषणाला हजारो बायका जमल्या होत्या, आणि अशा बायका जमतात त्या आधी वस्तीवस्तीत एकमेकींच्या दारी बसलेल्या असतात म्हणूनच. पुढे वस्त्यांमधून रमाईच्या, सावित्रीबाईंच्या नावाने मंडळे निघाली, जयंतीला बायकांची गाणी झाली. ज्यांना सतरंजीवर जागा मिळाली नाही त्यांनी सतरंजी नाकारली नाही, आपली वेगळी अंथरली. विधवांचेही तेच. स्त्रियांच्या शिक्षणासाठी झटणाऱ्या सेवासदन या संस्थेच्या पुण्यातल्या कामाला १९०९ मध्ये सुरुवात झाली, आणि १९२४ मध्ये जाईपर्यंत त्याच्या अग्रभागी होत्या त्या रमाबाई रानडे स्वतः विधवा होत्या. दार अरुंद असेल तर ते रुंद करा म्हणून भांडता येते. खोलीच पाडली तर बाहेर राहिलेल्या बाईला काय मिळते?

दुसरा मुद्दा स्त्रीवादी मैत्रिणी मांडतात आणि तो अधिक अवघड आहे. मंडळांनी बाईला घराबाहेर काढले खरे, पण बाहेर आणून पुन्हा घरच शिकवले: पाककृती स्पर्धा, टाकाऊतून टिकाऊ, आदर्श गृहिणी, भरतकाम. हेही खरे आहे. पण हे वळण कुणी दिले, हेही पाहायला हवे. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला, १९५३ मध्ये दुर्गाबाई देशमुखांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ आले. खेड्यापाड्यांत महिला मंडळांना अनुदाने मिळू लागली, ग्रामसेविका नेमल्या गेल्या, आणि अनुदानासोबत कामांची चौकटही आली: बालसंगोपन, आहार, शिवण, हस्तकला. दुर्गाबाईंसारख्यांच्या तळमळीबद्दल शंका नाही. त्या काळी बालमृत्यू आणि कुपोषण यांचे प्रमाणच तसे होते. तरी परिणाम असा झाला की जमण्यासाठी बाईला ‘चांगली आई’ किंवा ‘काटकसरी गृहिणी’ या नात्याने अर्ज करावा लागला. घरकामाचा अभ्यासक्रम बायकांच्या करमणुकीतून आलेला नव्हता. करमणुकीवर कुणाला पैसे खर्च करायचे नव्हते, म्हणून तो आला. आता त्याच अभ्यासक्रमाबद्दल मंडळांना दोष देणे आणि उपाय म्हणून आणखी एक अभ्यासक्रम सुचवणे, ही चूक आपण दुसऱ्यांदा करतो आहोत.

इथे मंडळांचे समर्थक एक हुकमी उदाहरण काढतात: १९७२ चा दुष्काळ, महागाई, आणि मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती. लाटणी घेऊन निघालेले मोर्चे, थाळ्या वाजवणाऱ्या हजारो गृहिणी. त्या बायका आकाशातून पडल्या नव्हत्या. रेशनच्या रांगेत, नळावर, चाळीच्या गॅलरीत आणि मंडळांच्या खोल्यांत त्यांच्या ओळखी आधीच झाल्या होत्या. गिरणगावात तर अहिल्याताईंचा परळ महिला संघ १९४३ पासून काम करत होता. माझा या उदाहरणावर पूर्ण विश्वास आहे. सभा कशी चालवायची, ठराव कसा मांडायचा, धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब कसा द्यायचा, अध्यक्षपदाच्या निवडणुकीत हरल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच बाईशेजारी कसे बसायचे, हे बायका मंडळांत शिकल्या. पुष्कळजणींची पहिली सही केलेली चेकबुके मंडळाची होती. तरीही हे उदाहरण मी मुख्य पुरावा म्हणून ठेवणार नाही. ते ठेवले की प्रश्न येतो: ज्या मंडळातून एकही मोर्चा निघाला नाही त्याचे काय? जिथे बायका तीस वर्षे फक्त गायल्या, त्यांनी आपली दुपार वाया घालवली का? क्रांतीची पूर्वतयारी म्हणून बायकांच्या हसण्याला परवानगी द्यायची, आणि पापडाची पूर्वतयारी म्हणून द्यायची, या दोन्हींत परवानगी देणारा कुणी दुसराच आहे.

गेल्या तीस वर्षांत हे अधिकच घट्ट झाले आहे. १९९२ मध्ये नाबार्ड या ग्रामीण विकासाच्या राष्ट्रीय बँकेने बचत गट बँकांशी जोडायला सुरुवात केली, आणि हळूहळू सरकारच्या, संस्थांच्या, बँकांच्या भाषेत बायकांच्या एकत्र येण्याचा अर्थ बचत गट एवढाच उरला. बचत गटांनी सावकाराच्या दारातून लाखो बायकांना सोडवले. ज्या बाईने हप्त्यासाठी मंगळसूत्र गहाण ठेवले आहे तिला मंडळातल्या कॅरमचे कौतुक सांगायला मी जाणार नाही. गिरणगावात खाणावळी चालवणाऱ्या बायकांना १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले ते कर्जासाठीच, आणि ते काम मोठेच होते. माझा आक्षेप पतपुरवठ्याला नाही. कर्जदार म्हणून बाई एकत्र आली तर तिला खोली, सतरंजी, रजिस्टर सगळे मिळते, आणि हप्ता भरून झाल्यावर ती तिथेच बसून राहिली तर तिला कारण विचारले जाते, याला आहे. बाईच्या मोकळ्या वेळेचे पैशांत रूपांतर केल्याशिवाय तिच्याबद्दल आपल्याला आदरच वाटत नाही का?

कुणी म्हणेल, वेळच बदलली. बायका नोकरी करतात, दुपारी घरी असते कोण? मैत्रिणी व्हॉट्सॲपवर भेटतात, मॉलमध्ये भेटतात, हॉल रिकामाच पडतो. दुपारचे मंडळ संपले हे मान्य. पण मोकळा वेळ खरोखर वाढला का? २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणारी बाई त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवते आणि घरकाम करणारा पुरुष ९७ मिनिटे, असे आढळले. घरकाम करणाऱ्या पुरुषांची संख्याच मुळात बायकांपेक्षा फार थोडी. अशा बाईला मैत्रीण फोनवर भेटते, पण ती स्वयंपाकघरातूनच, एक हात कुकरवर ठेवून. मॉलमध्ये बसायला पैसे पडतात, आणि सुनेने घरी “मॉलमध्ये जाते” असे सांगण्यापेक्षा “मंडळात जाते” सांगणे अजूनही कितीतरी घरांत सोपे आहे. घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, फुकट, पाऊस लागणार नाही अशी, आणि आत शिरताना कुणाला काही विकत घ्यावे लागणार नाही अशी जागा शहरात बाईसाठी दुसरी कोणती आहे? देऊळ आहे, पण तिथे मोठ्याने हसता येत नाही. बाग आहे, पण अंधार पडल्यावर कोण बसू देते? निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या बायकांची संख्या ज्या वसाहतींत वाढते आहे, नेमक्या त्याच वसाहती आज पुनर्विकासाला निघाल्या आहेत.

म्हणून वाद चौरस फुटांचा असेल तर तो चौरस फुटांच्याच भाषेत करू. मंडळाच्या हॉलची जागा पुनर्विकासाच्या करारनाम्यात स्वतंत्रपणे, मंडळाच्या नावे, आधी होती तेवढ्याच चटईक्षेत्राने नोंदली जावी, ‘बहुउद्देशीय’ खात्यात विरघळून नव्हे. वापराच्या रकान्यात ‘स्त्रियांची करमणूक व भेटीगाठी’ असे स्वच्छ लिहावे, त्यापुढे प्रशिक्षणाची शेपूट जोडू नये. जी मंडळे हे मागतील त्यांनी आपल्या घटनेतले सभासदत्वाचे कलमही त्याच आठवड्यात बदलावे: वसाहतीत घर असणारी इतकेच नव्हे, वसाहतीत काम करणारी प्रत्येक बाई सभासद होऊ शकेल, आणि वर्गणी तिला परवडेल अशी असेल. पोळ्या लाटून संपल्या की पुढच्या घराची वेळ होईपर्यंत जिन्यात बसून राहणाऱ्या बायका मी रोज पाहते. त्यांना त्या पाऊण तासात पाठ टेकायला, पाणी प्यायला, एकमेकींची चेष्टा करायला हॉल उघडा हवा. संध्याकाळी सात ते दहा तो नोकरी करणाऱ्यांसाठी उघडा हवा. किल्ली कार्यकारिणीतल्या बायकांकडे राहील, सोसायटीच्या सेक्रेटरीकडे नाही. वार्षिक सभेत “यंदा काय कार्य केले?” असे कुणी विचारले, तर “यंदा आम्ही एक नाटक बसवले आणि खूप हसलो” हे उत्तर इतिवृत्तात जसेच्या तसे लिहिले जावे, आणि ठराव मंजूर व्हावा.